उशी आणि इस्त्री

माणूस हा मुळात कुशीवर झोपणारा प्राणी आहे. जन्मायच्या आधी तो जिथं निजतो त्या जागेला आणि जन्मल्यावर ज्या बाजूवर निजतो त्या बाजूला मराठीनं एकच शब्द ठेवला आहे – कूस. काळजी लागली की आपण कूस बदलतो. बायकोशी भांडण झालं की भिंतीकडच्या कुशीवर होतो, आणि भांडण मिटलं की नाही हे रात्री दोन वाजता कुणाची कूस कुणीकडे आहे ह्यावरून कळतं. उताणं झोपणं हे काही माणसाचं काम नव्हे. उताणं पडावं ते पैलवानानं, आणि तेही कुस्ती हरल्यावर.

तेव्हा सहासष्ट वर्षं डाव्या कुशीवर झोपलेल्या बाईला एका सकाळी 'आजपासून तीन आठवडे उताणं, आणि डोकं उंच' असं कुणी सांगितलं, तर त्या बाईवर काय प्रसंग गुदरला असेल ह्याची कल्पना करा. त्यातून हा प्रसंग तिनं स्वतःच्या पेन्शनीतून पैसे मोजून विकत घेतलेला असला, तर करा नाहीतर करू नका.

ही बाई म्हणजे माझी धुळ्याची आत्या. पस्तीस वर्षं शाळेत मास्तरकी केलेली, अजूनही समोरच्याचं वाक्य चुकलं की भुवई वर करणारी. तिनं मुंबईला जाऊन चेहऱ्याची कातडी ओढून घेण्याचं ऑपरेशन केलं. त्याला फेसलिफ्ट म्हणतात. आमच्या घराण्यात तोवर 'लिफ्ट' ह्या शब्दाचे दोनच अर्थ ठाऊक होते : एक नातेवाइकांच्या इमारतीत बंद पडलेली असते ती, आणि दुसरी पारोळ्याच्या रस्त्यावर मोटारसायकलवाल्याला हात करून मागतात ती. तिसरा अर्थ आत्यानं घरात आणला.

आणला तो थेट आमच्या घरात, म्हणजे जळगावात. कारण धुळं हे असं गाव आहे की चौथ्या गल्लीत शिंकलं तर आग्रा रोडवर रुमाल पुढे येतो. तिथं सुजलेला चेहरा घेऊन उतरणं शक्यच नव्हतं. टाके निघाले, दहाबारा दिवस झाले, डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं, तशी ती गाडीत बसून, मफलर गुंडाळून, जळगावच्या फलाटावर उतरली. डिसेंबरची थंडी होती म्हणून मफलर शोभला. मे महिन्यात जळगावात मफलर गुंडाळला असता तर पोलिसांनी चौकशी केली असती. शेजाऱ्यापाजाऱ्यांना आम्ही सांगितलं की आत्याची अक्कलदाढ काढली. सहासष्टाव्या वर्षी अक्कलदाढ काढायला लोक मुंबईला का जातात, हा प्रश्न शेजारच्या काकूंच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होता. पण त्यांनी तो विचारला नाही, फक्त लवंगतेल आणून दिलं.

आता ह्या उताण्या झोपेचं कारण. मी ते आत्याकडून समजावून घेतलं, आणि तिनं ते पाटीवर आकृती काढल्यासारखं समजावलं. कानाच्या पुढून काप घेतात, तो कानाला वळसा घालून मागे केसांत नेतात. गालाची कातडी खालच्या थरापासून सुटी करतात, आतला थर ताणून शिवतात, आणि मग वरची कातडी ताण न देता अलगद बसवून उरलेली कापून टाकतात. म्हणजे आपण उशीचा जुना अभ्रा उशीला नीट बसावा म्हणून आधी कापूस सारखा करतो, तसंच. ह्या सुट्या केलेल्या कातडीला रक्त मिळतं ते कडेकडेनं, आणि टाके असतात ते नेमके कानापाशी. कुशीवर झोपलं की सगळा भार त्याच जागेवर. शिवाय डोकं उंच असलं की सूज खाली उतरते, आडवं झालं की सकाळी चेहऱ्याचा फुगा. आणि सगळ्यांत कठीण गोष्ट अशी, की गाल आणि कान कित्येक आठवडे बधिर असतात. दाब पडला तरी दुखत नाही, म्हणून झोपेत कूस बदलली हे माणसाला कळतच नाही. दुखणं ही किती उपकारी गोष्ट आहे, हे ती नसली म्हणजे समजतं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोकं तीस ते पंचेचाळीस अंशांत ठेवा. मी मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन बसलो. पहिल्या रात्री चार उशा रचल्या. त्यानं डोकं वर आलं, पण हनुवटी छातीला टेकली. आणि मान अशी मोडून चालत नाही, हनुवटी मोकळी हवी. म्हणजे नुसतं डोकं नव्हे, कमरेपासूनचा सगळा माणूस उतारावर हवा. खानदेश ही कापसाची भूमी आहे, इथं उशीसाठी हटून बसायचं म्हणजे गोदाकाठी पाण्यासाठी रडण्यासारखं. पिंजाऱ्याकडे गेलो आणि उतरती उशी करून मागितली : एका टोकाला वीतभर उंच, दुसऱ्या टोकाला शून्य. त्यानं विचारलं, "गायीसाठी?" पण करून दिली. ताजा पिंजलेला कापूस. रात्री दहाला मोजला तर पस्तीस अंश, पहाटे पाचला वीस. कापूस दबतो, आणि आत्या त्याच्याबरोबर खाली येते. रात्रीतून पंधरा अंशांची घसरण ही शेअरबाजारात चालत असेल, आत्याच्या बाबतीत चालणारी नव्हती.

शेवटी माळ्यावरची कापडी आरामखुर्ची खाली काढली. तिनं सगळे प्रश्न सोडवले. पाठ उतारावर, गुडघ्याखाली एक लोड म्हणजे माणूस घसरत नाही, दोन्ही हातांखाली दोन तक्के म्हणजे कुशीवर वळायला वाव नाही, मानेला प्रवासातलं ते नालासारखं कडं, वर गोधडी. जेवणात मीठ कमी, कारण मिठानं सूज वाढते. म्हणून शेवभाजी, पापड, ठेचा बंद. डिसेंबरात जळगावात राहायचं आणि भरीत खायचं ते कळण्याच्या भाकरीशिवाय, मऊ भाताबरोबर, ही माझ्या मते ऑपरेशनपेक्षा मोठी शिक्षा. भाकरी चावताना सगळा जबडा कामाला लागतो ना! आत्यानं तीही मुकाट्यानं सोसली.

मी मुकाट्यानं सोसणाऱ्यांतला नव्हे. मला हे ऑपरेशनच पटलेलं नव्हतं, आणि रात्री खुर्चीशेजारी बसायची पाळी माझी होती. कूस बदलता येत नसलेला माणूस बोलायला लागतो, ह्याला महाभारताचा आधार आहे. भीष्म शरशय्येवर उताणे पडले आणि त्यांनी सगळं शांतिपर्व सांगितलं. कुशीवर वळता आलं असतं तर धर्मराजाला दोन वाक्यांत वाटेला लावलं असतं. त्यांनाही पहिली अडचण उशीचीच आली होती. डोकं लोंबत होतं. राजेलोकांनी मऊ उशा आणल्या, त्या त्यांनी नाकारल्या, आणि अर्जुनानं तीन बाण मारून डोकं नेमकं उचलून धरलं. किती अंशांत ते व्यासांनी दिलेलं नाही. अठ्ठावन्न रात्री ते तसे होते. आत्या म्हणाली, "माझ्या एकवीसच. आणि तू काही धर्मराज नव्हेस. तेव्हा काय विचारायचं ते विचार आणि झोपायला जा."

मी विचारलं, की हे खोटं नव्हे का? सहासष्ट वर्षांच्या बाईनं पन्नाशीचा चेहरा लावून हिंडायचं, म्हणजे दर भेटणाऱ्याला फसवायचं.

ती म्हणाली, "उलट आहे. आधीचा खोटा होता. मी रस्त्यात भेटले की लोक विचारायचे, बरं नाही का? दमलात का? कुणी गेलं का? मी तेव्हा आनंदात असायचे रे. भाजी घ्यायला निघालेली असायचे. चेहरा उगाच माझ्या नावावर रडत होता. सहा वर्षं तुझ्या आतोबांच्या खाटेशी बसून तो तसा झाला. ते गेले, माझं रडणं संपलं, चेहऱ्याला कुणी सांगितलंच नाही."

ह्यावर मी गीतेकडे वळलो. धुळ्याच्या माणसाला गीतेचा धाक घालता येतो, कारण विनोबांनी 1932 साली धुळ्याच्याच तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. मी म्हटलं, देह म्हणजे वस्त्र, जुनं झालं की आत्मा ते टाकून देतो, असं भगवंत सांगतात. मग वस्त्राचा एवढा सोस कशाला? आत्या म्हणाली, "टाकायचं तेव्हा टाकीनच. तोवर इस्त्री करू नका असं कुठं लिहिलंय?"

मी अध्याय आठवून पाहिले. कुठं लिहिलेलं नाही. झोपही बेताची असावी, ना फार ना थोडी, एवढं सहाव्या अध्यायात सांगितलं आहे. कोणत्या कुशीवर, ते नाही.

मग मी इतिहासाचा आधार घेतला. इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या अखेरीस धुळ्यातच वारले, आणि त्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेल्या दप्तरांसाठी तिथं संशोधन मंडळ उभं राहिलं. ज्या गावात लोक चुरगळलेला कागद प्राणापलीकडे जपतात, त्या गावच्या बाईनं स्वतःच्या कपाळावरची अस्सल कागदपत्रं पुसून टाकावीत? त्या सुरकुत्यांत आतोबांची सहा वर्षं होती. मी हे जरा गळा दाटून बोललो. माझं मलाच बरं वाटलं. आत्या डोळे मिटून म्हणाली, "इतिहास मला पाठ आहे. चेहऱ्यावर लिहून ठेवायला नको. ज्याला पाठ नाही त्यानं लिहून ठेवावा." बाई पस्तीस वर्षं इतिहासच शिकवत होती, हे मी विसरायला नको होतं.

दुसऱ्या रात्री तिनंच हल्ला केला. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात ती शाळेच्या सहली घेऊन कैक वेळा गेलेली. जळगावहून सकाळची गाडी धरली की दुपारी जेवायला परत, इतकं ते जवळ. तिथं बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची सातेक मीटर लांबीची मूर्ती आहे. उजव्या कुशीवर पहुडलेली, हात गालाखाली, डोक्याखाली उशी. म्हणजे आत्याला जे जे मना होतं ते सगळं तथागतांनी एकाच वेळी केलेलं. खाली शिष्य शोक करताहेत. आत्याचा मुद्दा वेगळाच होता. "ऐंशी वर्षांचा माणूस. पोटाच्या विकारानं मरणाला टेकलेला. आणि चेहऱ्यावर एक तरी सुरकुती दिसते का बघ! शिल्पकारानं सरळ गुळगुळीत केलाय. त्याला कुणी म्हटलं का, तू फसवतोस?"

मी म्हटलं, बुद्धाची तृष्णा संपली होती म्हणून सुरकुत्या नाहीत.

"आणि माझी संपली नाही, म्हणून मला टाके पडले. बरं झालं?"

माझ्याकडे आणखी एक हुकमी पान होतं, ते मात्र उलटंच पडलं. मी म्हटलं, दुरुस्ती आणि नटवणं ह्यांत फरक आहे. आपल्याकडे चेहऱ्याची शस्त्रक्रिया जुनी आहे, पण ती गरजवंतांसाठी. कावसजी नावाचा एक गाडीवान इंग्रजांच्या फौजेत बैल हाकत होता. 1792 च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. वर्षभर बिननाकाचा राहिल्यावर पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. तुटक्या नाकावर मेणाचा पातळ पत्रा बसवून माप घेतलं, तो सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ ओढली, तेवढी कातडी सोडवली आणि दोन डोळ्यांच्या मधे एक पट्टी जोडलेली ठेवून खाली वळवली. सांधा धरायला काताचा लेप लावलेल्या कापडाच्या पट्ट्या. हो, आपण विड्यात घालतो तोच कात. चार दिवसांनी ते काढून तुपात भिजवलेलं फडकं. मुंबईहून आलेले इंग्रज डॉक्टर हे बघत राहिले, आणि ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकीकत छापून आली. पुढे वीस वर्षांनी कार्प्यू नावाच्या लंडनच्या शस्त्रवैद्यानं तिच्यावरून तिकडे तसलं नाक केलं. विटा पाडणाऱ्याचं नाव कुणीच लिहून घेतलं नाही.

"आणि झोपवलं कसं त्याला?" आत्यानं विचारलं. बाईचं लक्ष नेमकं कुठं असतं पहा.

त्या हकिकतीत तेही आहे. शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा दिवस रोग्याला उताणं निजवत.

आत्याला मनापासून आनंद झाला. सव्वादोनशे वर्षांपूर्वी पुण्याजवळ एक गाडीवान असाच उताणा पडून आढं मोजत होता, ह्या बातमीनं तिला जेवढा धीर आला तेवढा माझ्या लोड-तक्क्यांनी आला नव्हता. मग म्हणाली, "त्याला कुणी विचारलं का रे, नाकाशिवाय काय अडलंय? श्वास तर चालतोय. बैल तर हाकता येतात."

मी म्हटलं, त्याचं नाक दुसऱ्यानं कापलं होतं. तुझे गाल वयानं उतरले.

"म्हणजे टिपूनं केलं तर शिवायचं, आणि वयानं केलं तर सोसायचं. दोघांपैकी मला विचारलं कुणी होतं?"

इथं कवळीचा विचार मनात येतो. कवळी लावणाऱ्याला आपण ढोंगी म्हणत नाही. मोतीबिंदू काढून घेणाऱ्याला 'म्हातारपणी अंधुकच दिसायला हवं' असं सांगत नाही. केसांना कलप लावून सभेत साधेपणावर बोलणारे तर आमच्या गल्लीतच तीन आहेत. दुरुस्ती कुठं संपते आणि नटणं कुठं सुरू होतं, ती रेघ प्रत्येक जण स्वतःच्या वयाच्या जरा पुढे ओढतो. माझी सध्या सत्तरच्या आसपास आहे.

तरीही माझा एक आक्षेप मी मागे घेतलेला नाही, आणि आजही घेत नाही. लहानपणी कोडं घालायचे : वस्तू तुझी, पण वापरतात दुसरेच, ओळख काय? उत्तर, नाव. मला वाटतं चेहऱ्याचंही तसंच आहे. मालकाला तो आरशात घडीभर दिसतो, बाकी दिवसभर वापरतात भोवतालची माणसं. आत्याच्या चेहऱ्यावर आम्ही सगळे वाढलो. कपाळाची ती मधली आठी म्हणजे पाढा चुकला, डोळ्यांच्या कडेला जाळं पडलं म्हणजे लाडू मिळणार. नातवंडांनी आजी कशावरून ओळखायची? सगळ्या आज्या इस्त्री करून बसल्या, तर मरण जवळ आलंय हे पोरांना कोण सांगणार? आणि जी करणार नाही, तिच्या नशिबी 'अगं, तूही करून घे' हे येणारच. एकीनं मोकळेपणानं घेतलेली गोष्ट दुसरीला सक्तीची होते, हे आपण लग्नातल्या मानपानापासून पाहत आलो आहोत.

ह्यावर आत्या बराच वेळ बोलली नाही. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, "हे बरोबर आहे. म्हणूनच डोळ्यांच्या कडेचं जाळं काढू दिलं नाही मी. डॉक्टर म्हणत होते, तेही करू. म्हटलं, ते राहू द्या, ते पोरांचं आहे." आणि खरंच झोपली.

मी बसून होतो. माझं काम तेवढंच, मान कलली तर सरळ करायची. झोपलेला चेहरा ही एकमेव वस्तू अशी की मालकानं ती जन्मात पाहिलेली नसते. आत्याचा तेव्हा काही बघण्यासारखा नव्हता. गळ्यावर निळं जाऊन पिवळं-हिरवं उतरत होतं, गाल घट्ट आणि कुणा परक्याचे वाटावेत असे. मग गोधडीतून तिचा डावा हात हळूहळू बाहेर आला. खुर्चीच्या बाजूला, हातभर अंतरावर, हवेत काहीतरी चाचपू लागला. मी गोधडी सरकली म्हणून वर घेतली; हात परत बाहेर. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा मला उलगडलं. आतोबांना अर्धांगवायू झाला होता. सहा वर्षं ती त्यांच्या बाजेशेजारी खुर्चीतच झोपायची, आणि रात्री त्यांनी पांघरूण फेकलं की काय ते बघायला हात असा टाकायची. मला वाटलं होतं ह्या खुर्चीतल्या झोपेची तिला आम्ही सवय लावली. ती तर शिकूनच आली होती. मी माझी खुर्ची जवळ घेतली आणि मनगट त्या हाताखाली ठेवलं. तिनं ते दाबून पाहिलं, जागेवर आहे अशी खात्री केली, आणि हात आत गेला. कोनमापक लावून पाहिला असता तर बरोबर तीस अंश भरले असते.

ह्याविषयी मी तिला सकाळी काही सांगितलं नाही.

एकविसाव्या दिवसानंतर ती धुळ्याला परत गेली. मफलरशिवाय, बसनं. आम्ही इकडे श्वास रोखून होतो. आठ दिवसांनी तिचा फोन आला. कुणाच्या काहीही लक्षात आलं नव्हतं. "जळगावचं पाणी मानवलं हो तुम्हाला!" असं पाच जणींनी सांगितलं. एकीनं अक्कलदाढेच्या डॉक्टरांचा पत्ता मागितला, तेव्हा मात्र आत्याला तिच्याकडे नीट बघावं लागलं.

मी विचारलं, "आता तरी डाव्या कुशीवर झोपतेस ना?"

"झोपते की. डॉक्टरांनी मोकळीक दिलीय."

"मग ती खाटेशेजारची खुर्ची काढ आता तिथून."

"बाज कधीच दिली रे एका गरजूला," ती म्हणाली. "खुर्ची राहू दे. दुपारची बरी पडते."